कसं दुखतंय?

सासूबाई ओरडत नव्हत्या, आणि टूमचला त्याचीच भीती वाटत होती.

दाराच्या फटीत बोट सापडलं तरी अख्खा जिना गोळा करणारी ही बाई. ती आज हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, जमिनीला स्क्रूनं आवळलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मुकाट बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर गार घाम, आणि उजव्या मुठीत जुन्या चादरीचा एक फाटका तुकडा. घरून निघताना तो मुठीत होता, तसाच टॅक्सीतून इथवर आला होता. "द्या इकडे," म्हटलं की मूठ आणखी आवळायची.

दारावरच्या नर्सनं हलगर्जी केली होती असंही नाही. तिनं नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, छातीला तारा लावून आलेख काढला. आलेख बरा आला. मग तिनं कॉम्प्युटरवर 'पाठदुखी' असं लिहिलं, "बोलावते, बसा," म्हणाली, आणि टूमचच्या हातात कागदी रुमालांचा एक खोका दिला. तो कशासाठी, हे काही टूमचला कळलं नाही. खोका मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

शब्द तर आपण बरोबर सांगितला, असं ती मनाशी घोकत होती. सासूबाईंनी जसं सांगितलं तसाच, नेमका. मग यांना घाई का नाही?

"आई, अजून तसंच?"

सासूबाईंनी नुसती मान हलवली.

टूमच हे काही तिचं नाव नव्हे. या परक्या देशात आल्यावर ती या हॉस्पिटलात लागली ती चादरींच्या खोलीत. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, डाग राहिलेल्या परत पाठवायच्या, फाटलेल्या बाजूला काढायच्या. फाटलेल्या चादरीला तिथं सगळे 'डॅमेज' म्हणत, त्यामुळे तिलाही दुसरा शब्द कधी लागला नाही. इंग्रजी ती कानांनी शिकली. वॉर्डांतून चादरी पोचवताना जे कानावर पडेल ते तिचं.

मग एकदा वरच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ आले. मराठीशिवाय त्यांना काही येत नव्हतं, आणि त्यांचं मराठी तिथं कुणाला कळत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, खाली चादरींच्या खोलीत एक बाई आहे, ती फोनवर याच भाषेत नवऱ्याशी भांडते. तिला वर बोलावलं. म्हाताऱ्यांना देव भेटल्यासारखं झालं. पोटात मुरडा कसा येतो, मग जरा सैल कसं पडतं, मग परत फडकं पिळावं तसं कसं पिळवटतं, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. तिनं सगळं मन लावून ऐकलं, डॉक्टरांकडे वळली आणि म्हणाली, "पेन. टू मच पेन."

त्यानंतर तिला दुभाषीण केलं. दुसरं कोणी नव्हतंच. कोट मिळाला, छातीवर लावायचा बिल्ला मिळाला, आणि चादरींच्या खोलीतल्या ओल्या कपड्यांच्या वासातून सुटका झाली. दाढ असो, मणका असो, बाळंतपण असो, तिच्या तोंडून एकच वाक्य यायचं. वॉर्डातल्या नर्सांनी तिला टूमच म्हणायला सुरुवात केली ती प्रेमानंच. नावं प्रेमानं पडतात आणि पुढं वेगळ्या कामाला लागतात.

तसंच झालं. एक बाई आली, तिची कळ कंबरेत निघून जांघेकडे सरकत होती. टूमचनं सांगितलं, पोटात टू मच पेन. डॉक्टर पोट धुंडाळत बसले. मूतखडा होता, तो बऱ्याच उशिरानं सापडला. बाई वाचली, पण जाताना तक्रार करून गेली.

दुभाष्यांच्या प्रमुख बाईंनी टूमचला खोलीत बोलावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लोक तुम्हाला दहा शब्द सांगतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे दोन देता. बाकीचे आठ कुठे जातात?"

"ते मला येत नाहीत."

"मग शिका. दुखणं आहे हे तर चेहऱ्यावरूनच कळतं. कसलं आहे, ते डॉक्टरांना हवं असतं. विशेषणं शिका. मी परीक्षा घेईन. नाही जमलं तर..." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खालच्या अंगणात चादरींची ढकलगाडी चालली होती. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, तरी ढकलगाडीनं केलं.

त्यांनी एक पातळसं पुस्तक दिलं. दुखण्याला लावायचे शब्द त्यात ओळीनं छापले होते. टूमचनं ते घरी आणलं, स्वयंपाकघरात उभ्यानं उघडलं, आणि तिचे डोळे पांढरे झाले. आपल्याकडे दुखणं काहीतरी करत असतं. ते ठणकतं, सळसळतं, चावतं, ओढतं. इथं ते नुसतं उभं होतं, आणि त्याच्या अंगावर कुठला कपडा चढवायचा ते हिनं ठरवायचं होतं.

पाठ करून तिच्या काही डोक्यात राहीना. तेव्हा तिनं आपली युक्ती काढली. चादरींच्या खोलीत प्रत्येक फळीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं असे, तसं तिनं घरभर केलं. बोथट झालेल्या सुरीवर लिहिलं 'डल'. तिखटाच्या डब्यावर 'बर्निंग'. धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनवर 'थ्रॉबिंग', कारण ठणका असाच लागतो. हात लावला की झटका देणाऱ्या बटणावर 'शूटिंग'. पिळून टांगलेल्या फडक्यावर 'क्रॅम्पिंग'. उंदरानं कुरतडलेल्या कपाटाच्या कोपऱ्यावर 'ग्नॉइंग'. आणि दारामागं सासूबाईंची चिंध्यांची पिशवी लोंबत असे, तिच्यावर 'टिअरिंग'. जुन्या चादरी फाडून पुसायची फडकी करणं हा सासूबाईंचा आवडता उद्योग होता. घरात टर्र असा आवाज आला की समजायचं, आज त्यांचा मूड बरा आहे.

सासूबाई चष्मा लावून घरभर फिरल्या.

"हे काय गं?"

"माझे शब्द आहेत, आई. नोकरीचे."

"माझ्या घराला नावं ठेवायची तेवढी राहिली होती. तीही चिकटपट्टीनं ठेवलीस." त्यांनी सुरीवरची पट्टी निरखली. "आणि ही लावायला माझ्या कपाळावरची जागा का सोडलीस?"

"तुम्हाला एक पट्टी पुरायची नाही."

नवरा बस डेपोत गाड्या दुरुस्त करून आला आणि तिखटाचा डबा बघून विचारता झाला, "यात काय पेटवायचं तेल आहे?" दोघींनी मिळून त्याला गप्प केलं. सासू-सून एका बाजूला, असं त्या घरात क्वचित व्हायचं.

पण एक गोष्ट वाईट झाली. वॉर्डात एका पोटदुखीच्या माणसाचं सांगताना ती पहिल्यांदाच हिमतीनं म्हणाली, "ग्नॉइंग पेन." पहिलं अक्षर चांगलं ठासून. दोन नर्सा एकमेकींकडे बघून हसल्या. एकीनं सांगितलं, "टूमच, तो 'ग' बोलत नाहीत, तो नुसता लिहायला असतो." हसणं काही दुष्ट नव्हतं. तरी टूमचचे कान तापले. पुस्तकातल्या आणखी किती शब्दांत अशी मुकी अक्षरं दबा धरून बसली असतील, कुणाला माहीत. विचारायचं म्हणजे परत हसू करून घ्यायचं. त्या दिवसापासून नवे शब्द ती मोठ्यानं म्हणेना. म्हणायची ती फक्त घरी, सासूबाईंसमोर. आणि सासूबाई काय चूक काढणार?

सासूबाईंच्या दुखण्याचा तोवर घरात सगळ्यांनाच वीट आला होता. गुडघ्यात कळ, कंबरेत उसण, तळपायांची भगभग, पोटरीत गोळे. त्या सांगायच्या आणि टूमच भाजी चिरता चिरता म्हणायची, "गोळी घ्या." आता ती सुरी खाली ठेवून विचारायला लागली, "कसं दुखतंय?"

पहिल्यांदा सासूबाईंना संशय आला. "का? डॉक्टर झालीस का?"

"सांगा ना. ठणकतंय की चमकतंय?"

सासूबाई विचारात पडल्या. इतक्या वर्षांत 'दुखतंय का' असं सगळ्यांनी विचारलं होतं. 'कसं' असं कुणी विचारलं नव्हतं. "ठणकत नाही," त्या हळूच म्हणाल्या, "आतून कुणीतरी बारीक बारीक टोचतंय. सुई नाही, काटा. सुईचं टोचणं सरळ असतं."

टूमचनं पुस्तकाचं पान उलटलं. "प्रिकलिंग."

"बघू, म्हणून दाखव परत." त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "चव नाही त्याला. पण चालेल."

पुढं पुढं त्या वाटच बघत बसायच्या. टूमच कामावरून आली की चप्पल काढायच्या आत, "आज तुला नवीन देते," म्हणायच्या. जणू काही बाजारातून खाऊ आणलाय. कधी दुखणं नसलं तर हिरमुसायच्या, आणि मग संध्याकाळपर्यंत कुठलं तरी शोधून काढायच्या. खोटं नसायचं. फक्त जरा मीठ जास्त असायचं. टूमचला ते कळायचं, आणि म्हणून तिनं मनात एक सवय लावून घेतली होती. सासूबाईंनी शंभर सांगितलं की आपण साठ धरायचं.

आज सकाळी सासूबाई चिंध्या करत होत्या. चादर मधोमध विरलेली होती. काठाला कात्रीनं छेद द्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचं, ही त्यांची पद्धत. टूमच आत डबा भरत होती. टर्र, टर्र, असा आवाज येत होता. मग एक टर्र मधेच थांबली.

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई उभ्याच होत्या. हात तसेच पुढे, चेहरा चुन्यासारखा.

"चादर फाटली, की मी?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चादर ओढली, आणि तेवढ्यात पाठीत... खांद्यांच्या मधे... अगदी अस्संच. टर्रकन. आता खाली सरकतंय."

टूमच पुढचं ऐकायला थांबली. मीठ येईल म्हणून. ते आलंच नाही. सासूबाई जमिनीवर बसल्या आणि बोलायच्या बंद झाल्या. साठ नाही, शंभरही नाही. ही बाई आज कमी सांगत होती.

टॅक्सीतून हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा दारावरच्या नर्सनं तिला ओळखलं. "टूमच? तू अशी घरच्या कपड्यांत?"

"माझी सासू आहे. पाठीत दुखतंय."

"घरच्या माणसासाठी दुभाषीण म्हणून तुला बोलता येत नाही, माहीत आहे ना? फोनवरचा दुभाष्या मागवते. तोवर जुजबी सांग. कसं दुखतंय?"

इतके दिवस टूमच याच प्रश्नाची तयारी करत होती. दारामागची पिशवी तिच्या डोळ्यांसमोर आली, तिच्यावरची पट्टी, पट्टीवरची अक्षरं. ती ताठ उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "टिअरिंग. व्हेरी टिअरिंग."

नर्सनं वाकून सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्याच. नर्सचा आवाज मऊ झाला. "हो, दिसतंय मला," ती म्हणाली, आणि तारा, आलेख, 'पाठदुखी', कागदी रुमाल असं सगळं ओळीनं झालं.

आणि आता दोघी बसल्या होत्या. समोरच्या रांगेत पाय मुरगळलेला एक माणूस फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता. फोनवरचा दुभाष्या अजून लागला नव्हता. नवऱ्याचा फोनही लागत नव्हता. तो गाडीखाली असला की फोन कपाटात असे.

सासूबाईंची मान जरा एका बाजूला झुकली. टूमच उठली, टेबलापाशी गेली. मनात पाच शब्द जुळवले होते. टेबलापाशी पोचेपर्यंत भीतीनं ते सगळे गिळले, आणि तोंडातून आपोआप जुनंच बाहेर पडलं. "सिस्टर, प्लीज, टू मच..."

नर्स हसली. दमलेलं, भलं हसू. "टूमच, इथं सगळ्यांनाच टू मच आहे बघ. तुमचा नंबर लावलाय मी."

टूमच परत आली. नाव चिकटलं की सुरीवरून निघतं, माणसावरून निघत नाही.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. ओठ हलले न हलले. "सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं, आई. नेमकं सांगितलं."

"मग हे कागद कशाला दिलेत?"

"तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय ना, म्हणून—"

वाक्य तिथंच थांबलं. टूमचनं मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी. मुलांच्या वॉर्डात चादरी पोचवायला जायची तेव्हा नर्सा सुई टोचताना म्हणायच्या, नो टिअर्स, नो टिअर्स. शब्द तिच्या कानात तिथूनच शिरला होता. पुस्तकात तशीच अक्षरं दिसली, आणि कानातला आवाज तिनं त्या अक्षरांवर चढवून टाकला. ओळखीच्या माणसाचा सदरा घातलेला दुसराच कोणी रस्त्यात दिसावा आणि आपण त्याला हाक मारावी, तसं.

माझी सासू रडते आहे. फार रडते आहे. एवढंच ती नर्सला सांगून आली होती. आणि नर्सनं रुमाल दिला होता. नर्सची काय चूक?

मग फाटण्याला म्हणतात काय? पुस्तक घरी होतं, आणि असतं तरी त्यात अक्षरं होती, आवाज नव्हता. डॅमेज? डॅमेज तर सगळंच असतं. एकेक शब्द ती उचलून बघत होती आणि प्रत्येकाच्या आत कुठलंतरी मुकं अक्षर दात विचकत होतं. आता चुकली तर पुन्हा कोण ऐकणार?

सासूबाईंचा हात तिच्या मांडीवर घसरून पडला. तो बर्फासारखा गार होता. मुठीत तुकडा अजून होता.

"आई, चादर द्या."

"नको..."

"द्या. मला बोलायला हवी आहे."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मूठ उघडली.

टूमच टेबलापाशी गेली. या वेळी तिनं 'प्लीज' म्हटलं नाही. तुकडा नर्सच्या नाकासमोर धरला, सकाळी दिलेल्या कात्रीच्या छेदात दोन्ही अंगठे घातले, आणि ओढला.

विरलेलं कापड टर्रकन फाटत गेलं, शेवटपर्यंत. फोनवर बोलणारा माणूस बोलायचा थांबला.

"धिस," टूमच म्हणाली. "धिस पेन. इनसाइड." मग ती पाठमोरी वळली आणि हात मागे नेऊन स्वतःच्याच खांद्यांच्या मधे बोट टेकवलं, आणि जमेल तेवढं कंबरेपर्यंत ओढत आणलं. "हिअर. देन गो डाउन. नॉट क्राइंग. शी इज नॉट क्राइंग."

ती वळली तेव्हा नर्सच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. नर्सनं टेबलावर पडलेल्या चिंधीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या बाईकडे.

"टेअरिंग?" ती म्हणाली. "टेअरिंग, असं म्हणत होतीस तू मघाशी?"

टेअरिंग. मधल्या एवढ्याशा आवाजासाठी आपण इथं बसून होतो, हे टूमचला आत्ता कळलं. "येस," ती म्हणाली. "एकदम झालं का?" नर्सनं विचारलं. "येस." "सकाळी?" "येस, येस."

नर्स टेबलाला वळसा घालून आली नाही, तिनं टेबलाचं उघडझाप करायचं फळकूटच उचललं आणि खालून निघाली. चाकांची खाट आली. डॉक्टर आली, वयानं लहान, केस घाईनं बांधलेले. तिनं एका हाताचा रक्तदाब घेतला, मग दुसऱ्या हाताचा, आणि दोन आकड्यांत एवढं अंतर बघून लगेच छातीचा आतला फोटो काढायला सांगितलं. मग खाट पळायलाच लागली. टूमच खाटेची कड धरून पळत होती. चिंधीचे दोन तुकडे तिच्या हातात होते.

फोटो काढून झाल्यावर डॉक्टर बाहेर आली. आता फोनवरचा दुभाष्या मिळाला होता. डॉक्टरच्या हातातल्या फोनमधून एक गंभीर आवाज म्हणाला, "आजी, आपल्या हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीच्या आतील स्तरास चीर गेली आहे. शस्त्रक्रियेस आपली संमती आहे काय?"

सासूबाईंनी डोळे उघडले. "हा कोण?"

"दुभाषी आहेत, आई. मला आता तुमच्यासाठी बोलायचा नियम नाही."

"तो काय म्हणतोय?"

टूमचनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरनं फोन जरा बाजूला घेतला, कागदावर नळी काढून कुठं काय झालंय ते दाखवलं आणि मान हलवली.

"काळजातून मोठी नळी निघते," टूमच म्हणाली. "तिचं आतलं अस्तर फाटलंय. कोटाचं फाटतं तसं. बाहेरचं कापड अजून धड आहे. रक्त त्या दोन्हींच्या मधे शिरतंय. बाहेरचं जायच्या आत शिवायला हवं."

"शिवतील?"

"शिवतील. धोका आहे, असंही सांगतायत."

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं, फाटलंय म्हणून?" आणि फोनकडे तोंड करून, जेवढा होता तेवढा आवाज काढून म्हणाल्या, "हो म्हणावं. शिवा."

दारं मिटली. नवरा ग्रीसनं माखलेल्या हातांनी आला, आणि बाकावर बसला तो भिंतीकडे बघत राहिला. दुपार सरली. मग दुभाष्यांच्या प्रमुख बाई खाली आल्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. त्या टूमचच्या शेजारी बसल्या.

"परीक्षेचं आता मनात आणू नका," त्या म्हणाल्या.

"परीक्षा नको," टूमच म्हणाली. "पण मी शब्द म्हणते, ते तुम्ही ऐका. चुकले की तिथंच थांबवा. हसायचं असेल तर हसा."

"आत्ता?"

"आत्ता. सासूबाई बाहेर आल्या की मला त्यांना विचारायला लागेल, कसं दुखतंय. मग ते डॉक्टरांना सांगायला लागेल."

बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "ऐका हो तिचं."

मग त्या लांबलचक, फिनेलचा वास येणाऱ्या कॉरिडॉरमध्ये टूमच एकेक शब्द म्हणायला लागली. घरातल्या एकेका वस्तूपाशी ती मनानं जायची आणि तिथला शब्द घेऊन यायची. "थ्रोबिंग." "थ्रॉबिंग." "नंब." "शेवटचा 'ब' नाही. नम." "सेअरिंग." "नाही, इथं सिअरिंग."

"आणि तिथं टेअर?"

"तिथं टेअर."

"अक्षरं तर तीच आहेत. मग का?"

"त्याला उत्तर नाही," बाई म्हणाल्या. टूमचनं मान हलवली. सासरच्या काही रीतींनाही उत्तर नव्हतंच, त्याही तिनं अशाच पाठ केल्या होत्या. कोणी हसलं नाही. दारावरचा लाल दिवा जळत होता, आणि ती म्हणत होती, मधे कुठंही न थांबता. जणू थांबलं तर आतली शिवणही थांबेल.

सर्जन बाहेर आला तेव्हा ती तिसऱ्यांदा सुरुवातीपासून म्हणत होती. शिवलंय, तो म्हणाला. आता त्या जाग्या कशा होतात ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढली. टूमचला आत सोडलं. सासूबाई एवढ्याशा झाल्या होत्या. चादरीखाली माणूस आहे की उशी, असं वाटावं. अतिदक्षता विभागातल्या नर्सनं विचारलं, दुखतंय का त्यांना? टूमचनं विचारलं.

"दुखतंय," सासूबाई म्हणाल्या.

एवढंच. टूमच थांबली. कानाशी मशीन टुकटुकत होतं. ज्या बाईकडे काट्याचं टोचणं वेगळं आणि सुईचं वेगळं होतं, तिच्याकडे आज एकच शब्द उरला होता, तो टूमचचा जुना शब्द. आत काही राहून तर गेलं नाही? शिवण उसवली तर नाही? तिनं खाटेची कड धरली आणि वाकली.

"आई, कसं?"

सासूबाईंनी डोळे मिटले. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात त्या सावकाश सांगायला लागल्या.

"छातीत मधोमध चरचरतंय. कडेनं ओढल्यासारखं... नवा धागा ओढतो ना, तसं. घसा सोललाय." त्यांनी दम खाल्ला. "डावा पाय बधिर होता, आता मुंग्या येतायत. मुंग्या बऱ्या."

"आणि पाठीत?"

सासूबाईंनी आत कुठंतरी कान लावला.

"पाठीत काही नाही," त्या म्हणाल्या. "पाठ गप्प आहे."

टूमच नर्सकडे वळली. मधे बर्निंग, कडेला पुलिंग, घसा रॉ, पाय आधी नम, आता टिंगलिंग. एकेक शब्द तिनं ठेवला, सावकाश, प्रत्येक जिथल्या तिथं. नर्स लिहीत गेली.

"अँड द बॅक?" नर्सनं विचारलं.

"बॅक," टूमच म्हणाली, आणि त्याला कुठलं विशेषण लावावं ते तिला सुचेना. तिनं सासूबाईंच्या पायांवरची चादर उगीचच सारखी केली. चांगली होती, कुठं विरलेली नव्हती.

"बॅक इज क्वाएट," ती म्हणाली.